घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या: पावडर कोटिंग आणि साइझिंग कोणी केलंय का?

उजनीकाठचा
आधीच सांगतो, गोळ्या गळाच्या. बंदुकीच्या नव्हेत.

दर रविवारी पहाटे टेंभुर्णीच्या अंगाला उजनीच्या फुगवट्यावर जातो. रोहू-कटल्याला पेंडीचा गोळा तळाला बसवावा लागतो, म्हणून तंगूसवर (गळाच्या नायलॉन दोऱ्यावर) सरकणारं नळीसारखं शिसं लागतं. खडकात अडकून दिवसाला पाच-सहा जातातच. विकतचं परवडेना म्हणून दोन वर्षं घरी ओततोय. साचा मित्राने लेथवर करून दिला, ॲल्युमिनियमचा, दोन पाकळ्यांचा. भोकासाठी मधे सायकलचा स्पोक घालतो. गोळी 12 मिमी जाड, 18 मिमी लांब, वजन 22 ग्रॅमच्या आसपास.

गेल्या महिन्यात अडीच वर्षांच्या लेकीने माझ्या पिशवीतून एक गोळी काढली आणि खारकेसारखी चघळत बसली. ओठ काळे. घरात जे महाभारत झालं ते लिहीत नाही. डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासायला लावलं, रिपोर्ट ठीक आला. तेव्हापासून सगळं सामान गॅलरीत कुलपात आहे.

अमेरिकेतले लोक गोळ्यांना डब्यात पावडर हलवून ओव्हनमध्ये भाजतात आणि मग डायमधून दाबून मापात आणतात, असं व्हिडिओत बघितलं. तसं यांना करता येईल का? पावडर कुठली घ्यावी? डाय लागेल का? आणि जोडाची रेघ तंगूस कापते तिचं काय करू? सध्या कानशीने घासतोय.

अण्णा_गळवाले
कानस आधी खाली ठेव. घासलेल्या शिशाची भुकटी डोळ्याला दिसत नाही, पण शर्टावर बसून घरात येते आणि लेकरू तुझ्याच मांडीवर बसतं. गोळी चघळली ते तुला दिसलं तरी. ही भुकटी दिसणारच नाही.

बाकीचं संध्याकाळी लिहितो, दुकानात गर्दी आहे.

लेथवाला_होटगीरोड
डाय लागेल, पण तू म्हणतोस त्या कारणासाठी नाही. बंदुकीच्या गोळीला नळीच्या मापात बसायचं असतं, तिथे शतांश मिलिमीटरचा हिशोब. तुझ्या गोळीने पाण्यात बुडायचं आहे. ती 12.0 आहे की 12.2, हे कटल्याला काय कळणार?

डायचा खरा उपयोग त्या रेघेला. डायमधून दाबलं की रेघ चपटी होऊन अंगात बसते, भुकटी उडत नाही. लोखंडाच्या जाड पट्टीला 12 मिमीचं भोक पाड, रीमर (भोक आतून साफ करायचं हत्यार) फिरव, तोंडाला थोडा उतार दे आणि आतून पॉलिश पेपर मार. उताराशिवाय शिसं सोललं जातं, काकडीच्या सालीसारखं. पट्टी व्हाइसच्या जबड्यावर टेकव, मागून गोल दांडा घालून दाब. ठोकू नको, वाकडी बाहेर येते. दाबताना स्पोक आतच राहू दे, नाहीतर भोक मिटतं.

मऊ शिसं लोण्यासारखं जातं. गाडीच्या चाकाला बॅलन्सिंगसाठी लावतात त्या वजनांचं असेल तर जोर लागेल, त्यात शिसं कडक करणारं अँटिमनी असतं.

चादरवाला_बे
एवढा खटाटोप कशाला करायलास बे? मी बारा वर्षं जुने नट बांधतोय. गंजतात, पण पोरगं चघळलं तर लोखंडच पोटात जाईल.

उजनीकाठचा
नट बांधून बघितलेत मालक. लोखंड शिशाच्या दोन-तृतीयांश वजनाचं, तेवढ्याच भारासाठी मोठा तुकडा लागतो आणि मोठा तुकडा खडकात जास्त अडकतो.

भट्टीवाला
मी ग्रिल-खिडक्यांच्या कोटिंगच्या कामात आहे. सरळ सांगतो.

आपण नेहमी वापरतो त्या पॉलिएस्टर पावडरीला 200 अंशावर 10 मिनिटं लागतात. ही वेळ धातू 200 ला पोचल्यापासून मोजायची, ओव्हनचं बटण फिरवल्यापासून नाही. नवखे इथेच फसतात. शुद्ध शिसं 327 ला वितळतं, म्हणजे भाजायला जागा आहे. पण छोट्या ओव्हनच्या तबकडीवर विश्वास ठेवू नको, 200 लावलं की कुठे 170 असतं तर कुठे सळईजवळ 240. आत ठेवायचं साधं थर्मामीटर घे. आणि तो ओव्हन परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही. "फक्त एकदाच" असंसुद्धा नाही.

पावडर किलोने घेऊ नको, तुला वाटीभर पुरते. कोटिंगच्या दुकानात उरलेली मिळते. गाळून घे.

बंदूक (आमची, फवाऱ्याची!) लागत नाही. तळाला त्रिकोणात 5 आकडा असलेला प्लॅस्टिकचा डबा घे, गोळ्या आणि दोन चमचे पावडर टाक, मिनिटभर गोल गोल हलव. घर्षणाने वीज तयार होते आणि पावडर चिकटते. एप्रिलात आपल्याकडे हवा ठणठणीत कोरडी असते तेव्हा हे फार छान होतं. आषाढात कर, निम्मी पावडर गळून पडेल. डबा उघडताना मास्क लाव. गोळ्या चिमट्याने उचल, बोट लागलं की तिथे टक्कल.

त्याआधी थिनरने पुसून पूर्ण वाळव. तू साच्याला काजळी धरत असशील, तर ती गोळीला लागते आणि तिच्यावर कोटिंग फुगतं.

लेथवाला_होटगीरोड
म्हणजे आधी डाय, मग धुणं, मग कोटिंग. बंदुकीवाले उलटं करतात, कोटिंग करून मग मापात आणतात. त्यांच्या नादाला लागू नको.

आणि एक. ऑनलाइन साचा शोधताना स्वस्त दिसला म्हणून बंदुकीच्या गोळीचा साचा मागवू नको. आपल्याकडे दारूगोळा बनवायला 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. गळाला बांधायच्या आहेत हे पोलीस ठाण्यात पटवत बसशील.

अण्णा_गळवाले
आलो. कोटिंग भट्टीवाल्याने सांगितलंय, मी ओतण्याचं बोलतो.

शिसं कुठून आणतोस? जुन्या बॅटरीच्या प्लेटा वितळवत असशील तर आज बंद कर. त्यात आम्ल तर असतंच, शिवाय आर्सेनिक, अँटिमनी, कॅल्शियम काय काय असतं, आणि त्याच्या मळीला ओल लागली तर विषारी वायू सुटतो. चाकाच्या वजनांतही हल्ली जस्ताची निघतात. ती 420 अंशाच्या आसपास वितळतात, म्हणून आच माफक ठेव. वर तरंगतील, झाऱ्याने काढून टाक.

आणि पाणी. 2019 च्या श्रावणात मी अंगणात ओतत होतो. पळी मघाशीच धुतलेली, दांड्याच्या वळणात एक थेंब राहिलेला. पळी भांड्यात घातली आणि ठप्प असा आवाज. अर्धं शिसं भिंतीवर. चष्मा होता म्हणून डोळा वाचला, काचेवर मोहरीएवढे सात ठिपके मोजले. मनगटावरचा डाग अजून आहे. आता पळी, साचा, नवीन तुकडे, सगळं आधी भांड्याच्या काठावर तापवून घेतो. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, बूट, आणि उघड्यावरच. वरची राखाडी मळी झाकणाच्या डब्यात जाते, कुंडीत नाही.

उजनीकाठचा
अण्णा, बॅटरी नाही. पण एक गडबड झाली. काल न थांबता पहिला घाणा भाजला. 200 वर, थर्मामीटर लावून, भट्टीवाल्या दादांच्या सांगण्याप्रमाणे. आठव्या मिनिटाला काचेतून बघतो तर गोळ्या बसायला लागलेल्या! उन्हात मेणबत्ती वाकते तशा. पिवळं कोटिंग वर आणि खाली चपटं ढेकूळ. 327 ला वितळतं म्हणालात ना?

भट्टीवाला
शुद्ध शिसं म्हणालो. त्यात काय मिसळलं होतंस?

उजनीकाठचा
टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून सोल्डरच्या जुन्या तारांचा किलोभर गठ्ठा मिळाला होता. निम्मा तोच असेल.

लेथवाला_होटगीरोड
हा घे चोर. सोल्डरमध्ये कथील असतं. शिसं-कथिलाचं मिश्रण 183 अंशालाच सुटायला लागतं. कथील भरपूर असेल तर 200 ला गोळीचा बराच भाग आतून पातळ झालेला असतो. ते सोल्डर बाजूला काढ, डाग द्यायला उपयोगी पडेल.

पाणपक्षी_सोलापूर
एक विषय कोणी काढला नाही. खडकात अडकलेल्या दिवसाच्या पाच-सहा गोळ्या पाण्यातच राहतात, आणि सोलापूरला पिण्याचं पाणी उजनीतूनच येतं. 22 ग्रॅमची गोळी बदक गिळणार नाही हे मान्य, पण तंगूसला चिमटायचे लहान मणी? बदकं अन्न दळायला खडे गिळतात, त्यात ते जातात. इंग्लंडात हंस मरायला लागले म्हणून 1987 पासून 28 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या बहुतेक गळभारांवर बंदी आहे. कोटिंगने पक्ष्याचं काही वाचत नाही, पोटातल्या चक्कीत ते घासून जातं. हिवाळ्यात उजनीवर चक्रवाक आणि पट्टकादंब असतात, तेव्हा तरी लहान मणी नकोत.

अण्णा_गळवाले
बरोबर आहे. लहान मणी मी स्टीलचे वापरतो. मोठ्यासाठी एक युक्ती: भार मुख्य तंगूसला न लावता बारीक, कमजोर दोऱ्याच्या तुकड्याने लटकव. अडकला तर तो दोरा तुटतो, गळ-मासा वाचतो. पण शिसं जातंच, त्यामुळे खडकाच्या जागी नटच. चादरवाल्याचं तिथे खरं आहे.

चादरवाला_बे
बघा, आलात शेवटी नटावर.

उजनीकाठचा
दोन आठवड्यांनी लिहितोय. चाकाच्या वजनांचं शिसं, डायमधून काढून, थिनरने पुसून 24 गोळ्या केल्या. 21 चांगल्या, तिघींना चिमट्याचे टक्कल. दोन चाचण्या घेतल्या: थिनरच्या फडक्याने चोळलं तर रंग आला नाही, हातोड्याने चपटी केली तर कोटिंग शिशाबरोबर पसरलं, पापुद्रा निघाला नाही.

भोकाचं मात्र कोणीच सांगितलं नव्हतं. पावडर आत वितळून स्पोकच्या भोकातून तंगूस जाईना. आता कोमट असतानाच 2 मिमीचं ड्रिल हाताने फिरवून काढतो, खाली ओला कागद ठेवून. हात काळे होत नाहीत. कुलूप मात्र काढलेलं नाही, आणि बायकोने ओव्हनवर खडूने कवटी काढून ठेवलीय.

रविवारी टेंभुर्णीला तीन चिलापी आणि एक दीड किलोचा रोहू. मातीच्या तळावर पिवळ्या गोळ्या, खडकावर नट.

भट्टीवाला
भोकाचं माझं चुकलं. पुढच्या वेळी गोळ्या हलवायच्या आधी भोकात तेलाने पुसलेली बारीक तार घाल आणि भाजायच्या आधी हळूच ओढून काढ.