मदत हवी आहे : समोरचा दगड मोठा होतो आणि किल्ला लहान (निसर्गचित्रांतील फोरग्राउंड)

नमस्कार.

मी इंदूरला राहते. शाळेत भूगोल शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि मुलाने बाजूला ठेवलेला क्रॉप सेन्सरचा (म्हणजे चित्र टिपणारी पट्टी लहान असलेला) कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स (१८ला दृश्य सर्वांत रुंद, ५५ला सर्वांत जवळ ओढलेले) आणि एक डगमगता ट्रायपॉड एवढा संसार घेऊन माळव्यात हिंडू लागले. दिवाळीच्या सुमारास आमच्या मंडळात सभासदांच्या छायाचित्रांचे छोटेसे प्रदर्शन भरणार आहे आणि त्यासाठी मांडू, महेश्वर व पातालपाणी या तीन ठिकाणांची चित्रे द्यावीत असा माझा विचार आहे. अडचण त्या चित्रांच्या पुढच्या भागाची आहे. तंत्राचे इंग्रजी शब्द मी जसे ऐकले तसेच लिहीत आहे आणि आमच्या इंदुरी मराठीत अधूनमधून हिंदी डोकावते, तेवढे चालवून घ्यावे.

गेल्या वर्षी एका शिबिरात आम्हाला सांगण्यात आले की निसर्गचित्र सपाट दिसत असेल तर समोर काहीतरी ठेवा, कॅमेरा जमिनीलगत न्या आणि लेन्स जितकी रुंद करता येईल तितकी करा. त्याचे कारण मला पटले होते. डोळ्यांनी पाहताना आपण चालतो, मान वळवतो, त्यामुळे जवळचे काय आणि लांबचे काय हे आपोआप कळते. कागदावर ती सोय नसल्यामुळे जवळची एखादी ओळखीची वस्तू दिसली की नजर तिथून आत शिरते आणि मागच्या अंतराचा अंदाज येतो. मात्र हा नियम मी तंतोतंत पाळू लागल्यापासून माझी चित्रे सुधारण्याऐवजी बिघडत चालली आहेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पहिले चित्र मांडूच्या जहाज महालाचे आहे. महाल मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधोमध उभा असल्यामुळे पावसाळ्यात तलाव भरले की तो खरोखर पाण्यात नांगरलेल्या जहाजासारखा दिसतो आणि मला नेमके तेच दाखवायचे होते. काठावरचे उंच गवत समोर घेऊन मी कॅमेरा जवळजवळ जमिनीवर ठेवला. गवताची पाती लेन्सपासून वीतभर, फार तर ३० सेंटिमीटरवर होती. सगळे स्पष्ट यावे म्हणून ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) अगदी बारीक म्हणजे एफ/२२ ठेवले, आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) १०० ठेवला आणि फोकस महालावर केला. आकाश ढगाळ असल्याने शटर उघडे राहण्याचा वेळ एक-षष्ठांश सेकंद आला. घरी येऊन पाहिले तर गवताच्या जागी हिरवे फराटे होते, महालही थोडा धुरकट होता आणि ज्या पाण्यासाठी एवढी खटपट केली ते पाणी चित्रात जवळपास नव्हतेच.

दुसरे चित्र महेश्वरचे. घाटावर जागोजागी दगडी शिवलिंगे आहेत. त्यांपैकी एक समोर आणि मागे अहिल्याबाईंचा किल्ला अशी माझी कल्पना होती आणि भाव म्हणून ती मला अजूनही योग्य वाटते, कारण ज्या बाईने देशभर देवळे आणि घाट बांधले तिच्या गावात देव पुढे व वाडा मागे असणे हेच शोभून दिसते. शिवलिंगापासून अर्ध्या मीटरवर कॅमेरा ठेवून १८ मिमीवर चित्र घेतले. शिवलिंगाने निम्मी चौकट व्यापली आणि तो एवढा थोरला किल्ला मागे काडेपेटीएवढा झाला. माझ्या भाचीने चित्र पाहून "मावशी, किल्ला कुठे आहे?" असे विचारले. त्यानंतर ते चित्र मी कोणाला दाखवलेले नाही.

तिसऱ्या चित्राबद्दल थोडक्यात लिहिते. महूजवळ पातालपाणीला धबधबा कठड्यामागूनच पाहावा लागतो. खाली वाकले की कठड्याचे गज समोर येतात आणि उभे राहिले की समोर काहीच राहत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. समोरच्या आणि मागच्या वस्तूचे प्रमाण नेमके कशावर ठरते, लेन्सवर, अंतरावर की उंचीवर? वाऱ्यात हलणारे गवत आणि लांबची इमारत एकाच चित्रात स्पष्ट आणणे या साधनांनी शक्य आहे का? आणि समोर घेतलेली वस्तू त्या चित्रातलीच आहे, ती आणून ठेवलेली नाही, हे चित्र घेण्यापूर्वी कसे ओळखावे? नवीन लेन्स घ्या असा सल्ला कृपया देऊ नये. निवृत्तिवेतनाचे गणित आधीच जमवून झालेले आहे.

प्रतिसाद १ : गोरखचिंच

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात अंतर असे आहे आणि महेश्वरच्याच चित्रावर हिशेब केला तर ते चटकन पटेल. वस्तू जितक्या पट लांब, तितक्या पट ती चित्रात लहान दिसते. शिवलिंग अर्ध्या मीटरवर आणि किल्ला, समजा, ६० मीटरवर होता. आता ट्रायपॉड उचलून शिवलिंगापासून दोन मीटरवर न्या. शिवलिंगाचे अंतर चौपट झाल्यामुळे ते एक-चतुर्थांश दिसेल. किल्ल्याचे अंतर मात्र ६० चे साडेएकसष्ट झाले, म्हणजे तो होता तेवढाच राहिला. यानंतर लेन्स १८ वरून ३६ मिमीवर आणली की दोन्ही गोष्टी दुप्पट होतात. हिशेबाअंती किल्ला पहिल्यापेक्षा दुप्पट आणि शिवलिंग पहिल्यापेक्षा निम्मे. प्रमाण बदलले ते आपण मागे सरकल्यामुळे. लेन्सने फक्त चौकट किती मोठी घ्यायची एवढेच ठरवले. रुंद लेन्स मागचे लहान करते असे म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. रुंद लेन्स लावली की आपण चौकट भरण्यासाठी पुढच्या वस्तूला जाऊन चिकटतो आणि खरी गडबड तिथे होते.

मांडूच्या चित्रात तीन वेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्या आहेत. फोकस महालावर असताना १८ मिमी आणि एफ/२२ या जोडीवरही साधारण पाऊण मीटरच्या अलीकडचे काही स्पष्ट येत नाही, त्यामुळे ३० सेंटिमीटरवरचे गवत वारा पडला असता तरी धूसरच आले असते. त्यावर एक-षष्ठांश सेकंदाचे शटर म्हणजे हलणाऱ्या पात्यांना मोकळे रानच. शिवाय क्रॉप सेन्सरवर छिद्र एफ/२२ एवढे बारीक केले की त्यातून जाणारा प्रकाश कडांवर पसरतो आणि सगळ्या चित्राचा तजेला उतरतो. आपला महाल धुरकट होण्याचे कारण बहुधा हेच असावे.

त्याऐवजी एफ/११ ठेवा आणि फोकस महालावर न करता सुमारे दीड मीटरवरच्या एखाद्या वस्तूवर करा. १८ मिमीवर तेवढ्याने पाऊण मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. फोकसच्या या दीड मीटरच्या अंतराला हायपरफोकल अंतर म्हणतात. लेन्स ५५ मिमीवर नेली की तेच अंतर जवळपास १४ मीटर होते आणि स्पष्टता सात मीटरांच्या पुढे सुरू होते, हे पातालपाणीसाठी लक्षात ठेवा. वारा असेल तर आयएसओ निःसंकोच ४०० किंवा ८०० करून शटर एक-शतांश सेकंदाच्या आसपास आणावे. थोडे दाणे दिसले तरी चालतील, फराटे चालत नाहीत. दोन वेगवेगळ्या फोकसची चित्रे संगणकावर जोडण्याची युक्ती दगडांसाठी उत्तम आहे, पण डोलणाऱ्या गवतावर ती फसते, कारण दोन्ही चित्रांत पाती एका जागी नसतात.

पाणी नाहीसे झाले ते उंचीमुळे. कॅमेरा जमिनीलगत गेला की मधली सगळी जमीन आणि पाणी दबून एका रेघेएवढे होते आणि गवताचे शेंडे थेट महालाच्या पायाला चिकटतात. कॅमेरा कमरेपर्यंत उचला. शेंडे आणि महाल यांच्यामध्ये पाण्याचा पट्टा उघडेल. महालाचे प्रतिबिंब पूर्ण मावेपर्यंत उंची वाढवत जावे आणि तिथे थांबावे.

प्रतिसाद २ : जुना निगेटिव्ह

ताई, वरील हिशेब बिनचूक आहे, त्यात मी भर घालणार नाही. आपल्या तिसऱ्या प्रश्नावर मात्र चाळीस वर्षे ग्वाल्हेर-इंदूरच्या वाऱ्या करून जे समजले ते सांगतो.

पानात डावी बाजू वाढलेली असते ती जेवणाला चव यावी म्हणून. चटणी पानभर पसरली तर भाताला जागा उरत नाही. समोरच्या वस्तूचे तसेच आहे. मी चौकट ठरवल्यावर समोरची वस्तू अंगठ्याने झाकून पाहतो. झाकल्यावर चित्र अधिक चांगले दिसले तर ती वस्तू तिथे नको. झाकल्यावर काहीच फरक पडला नाही तरीही नको. झाकल्यावर मागची गोष्ट पोरकी वाटली, तरच ठेवतो. महेश्वरचे शिवलिंग या परीक्षेत उतरेल, कारण घाटाच्या पायऱ्या त्याच्यापासून निघून किल्ल्याकडेच चढत जातात. तीच पायऱ्यांची तिरकी ओळ कोपऱ्यातून आत येऊ द्या, शिवलिंग मध्यभागी ठेवू नका आणि त्याचा माथा किल्ल्याच्या भिंतीला शिवणार नाही एवढी फट राखा. मांडूचे गवत मात्र, क्षमा करा, कुठल्याही तलावाकाठचे आहे. तिथे समोर घ्यायचेच असेल तर गोरखचिंचेच्या झाडाचे थोराड खोड घ्या किंवा एखाद्या कमानीच्या आत उभे राहून कमानीचीच चौकट करा. कमान अंधारात आणि बाहेर उजेड असे झाले तर उजेडाप्रमाणे एक्स्पोजर (आत घ्यायच्या प्रकाशाचे प्रमाण) ठेवावे. कमान काळी पडली तरी तिचा आकार बोलतो.

दुसरे असे की महेश्वर नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे, म्हणजे किल्ल्याचे नदीकडचे अंग दक्षिणाभिमुख आहे. भूगोल शिकवलेल्या बाईंना मी हे सांगणे म्हणजे आगाऊपणाच, पण पावसाळ्यात सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेला उगवत असल्यामुळे पहाटेचे कोवळे ऊन त्या भिंतीला शिवतच नाही. मार्गशीर्ष-पौषात तो दक्षिणेकडे सरकलेला असतो तेव्हा तीच भिंत सकाळी एका बाजूने उजळते आणि नक्षीचा उठाव दिसतो. आपल्या चित्रात किल्ला काडेपेटीएवढा दिसला त्यात थोडा वाटा त्याच्या सावलीत असण्याचाही असेल. उजळ वस्तू नजरेला पुढे येते. समोरचा दगड उजेडात आणि किल्ला सावलीत असला तर नजर दगडावरून हलणार तरी कशी?

पातालपाणीला कठड्याच्या आतच राहा, हे आग्रहाने सांगतो. जुलै २०११ मध्ये तिथे एकाएकी पाणी वाढून माणसे वाहून गेली होती. वर पाऊस पडतो आणि खाली लख्ख ऊन असते. समोरची वस्तू हाताच्या अंतरावरच असायला हवी असे कुठे आहे? दरीच्या अलीकडच्या काठावरचे झाड वीस-पंचवीस मीटरांवर असले तरी धबधब्याच्या मानाने ते जवळचेच. लेन्स ५५ वर न्या, ते झाड एका कडेला घ्या. वरच्या हिशेबाप्रमाणे दोन्ही स्पष्ट येतील.

आणि मांडूतच रूपमतीच्या मंडपात गेलात तर समोर काहीही घेऊ नका. तिथून खाली निमाडचे मैदान पसरलेले आहे आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर नर्मदेची रेघ दिसते. तिथली उंची मोकळ्या जागेनेच कळते. इंदुरात सरकारी नोकरी करता करता छायाचित्रण शिकलेल्या, जुन्या काळच्या नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळांच्या काळात झूम लेन्स नव्हती. कुठे उभे राहायचे हे आधी ठरवून मगच जड कॅमेरा मांडावा लागे. मी अजूनही एकाच मापाच्या लेन्सने आधी फिरून जागा पाहतो आणि ट्रायपॉड नंतर उघडतो.

धागाकर्ती

दोघांचीही मनापासून आभारी आहे. एवढ्या लांबच्या वाऱ्या करण्यापूर्वी प्रयोग घराजवळच करावा म्हणून आज सकाळी सिरपूर तलावावर गेले होते. काठावरच्या एका वाळलेल्या फांदीची दोन चित्रे घेतली, एक अर्ध्या मीटरवरून १८ मिमीवर आणि दुसरे दोन मीटरवरून ३५ मिमीवर. पलीकडच्या काठावरची झाडे दुसऱ्या चित्रात खरोखर जवळजवळ दुप्पट आली. वर्गात समप्रमाण-व्यस्तप्रमाण शिकवणारे शिक्षक शेजारच्याच टेबलावर बसत असत, त्यांना हे कधी विचारले नाही याचे आता हसू येते.

दीड मीटरवर फोकस करताना मात्र गोंधळ झाला. त्या अंतरावर नुसते पाणी होते आणि कॅमेरा त्यावर फोकस घेईना. शेवटी काठावरच मोजून दीड मीटरवर छत्री उभी केली, तिच्यावर फोकस केला, लेन्सवरचे बटण मॅन्युअलवर सरकवले आणि मग कॅमेरा तलावाकडे वळवला. चित्र स्पष्ट आले आहे. ही रीत योग्य आहे ना, की यात काही चूक आहे?

अंगठ्याच्या परीक्षेत फांदी नापास झाली. सूर्याच्या कलण्याबद्दलचा टोमणा रास्त आहे. महेश्वरचे चित्र प्रदर्शनातून मागे घेतले असून ते आता पौषात काढीन. मांडूला येत्या रविवारी पहाटे पाचला निघायचे ठरवले आहे. गोरखचिंचेचे खोड आणि जहाज महाल एका चौकटीत येतील अशी जागा कोणाला ठाऊक असल्यास शनिवारपर्यंत कृपया कळवावे.