थीम गेली ती नुसत्या काटकसरीने नाही

थीम हॉटेलांनी, म्हणजे एखाद्या कल्पनेभोवती खोल्या सजवणाऱ्या हॉटेलांनी, ती सजावट काढून खोल्या साध्या केल्या, की लोक म्हणतात, ‘पैसे वाचवायला खोल्या बोडक्या केल्या’. हे अर्धंच खरं. खरी अडचण बदलीच्या सामानाची. खास छापून घेतलेल्या वॉलपेपरचा एक पट्टा फाटला, तर नव्या छपाईची छटा जुन्याशी जुळत नाही. मग अख्खी भिंत बदला. नक्षीदार बेडकव्हरही दर पाहुण्यामागे धुतलं जायचं नाही. रजईची पांढरी खोळ रोज धुता येते, डागाला ब्लीच चालतं.

पण साधेपणाही फुकट नाही. गालिचा काढून व्हिनाइल (प्लास्टिकची फरशी) टाकलं की खालच्या खोलीत पावलं वाजतात, त्यामुळे व्हिनाइलखाली ध्वनिरोधक थर हवाच. सपाट रंगावर बॅगांचे ओरखडे लगेच उठतात. सामानाच्या रॅकमागे तरी धुता येणारं पॅनेल लावावं.

थीम जपायचीच तर पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर जपा. तिथे ती टिकते.