राजेंद्र नगर ते राजवाडा: सायकलची वाट मोठ्या रस्त्याने न्यावी की आतल्या गल्ल्यांतून?

राजेंद्रनगरकर

आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. माझी मुलगी सातवीत आहे. दर शनिवारी तिला जुन्या शहरात राजवाड्याच्या बाजूला गाण्याच्या क्लासला जायचं असतं. घरापासून सात-आठ किलोमीटर. सायकल तिला उत्तम येते, हौसही दांडगी आहे, तरी मी तिला गाडीवर मागे बसवून नेतो. कारण एकच: वाटेतला महू नाक्याचा गर्दीचा चौक.

गेले दोन महिने मी हा रस्ता निरनिराळ्या बाजूंनी सायकलने करून पाहतोय. मुद्दाम पहाटे नाही, सकाळी साडेनऊला, ऐन गर्दीत. त्यातून जे मत झालं ते मांडतो. कोणी खोडून काढलं तर हवंच आहे.

सायकलची वाट म्हटलं की आपल्याकडे मोठ्या रस्त्याच्या कडेला रंगाचा पट्टा मारायचा, एवढंच डोळ्यांसमोर येतं. एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्त्यावर) २०१३ साली बीआरटीएसची, म्हणजे स्वतःच्या राखीव मार्गावरून धावणारी बस सुरू झाली, तेव्हा सायकलींसाठीही कडेची जागा ठेवली होती. त्या जागेत नंतर काय उभं राहिलं? कार, ठेले, दुकानांच्या पाट्या. आता २०२५ च्या हायकोर्टाच्या आदेशाने तो साडेअकरा किलोमीटरचा बसमार्गच मोडीत निघाला, पण सायकलची जागा त्याच्या कितीतरी आधी गेली होती. नुसता रंग कोणाला अडवत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की वाट आतून न्यावी. राजेंद्र नगरातून लोकमान्य नगर, मग केशरबाग रस्ता, लालबागच्या अंगाने महू नाका, पुढे कलेक्टोरेट, मोती तबेला, हरसिद्धी, पंढरीनाथ आणि राजवाडा. गल्ल्यांमध्ये वेगळा ट्रॅक नकोच. तिथे गाड्यांचा वेग कमी राहील एवढं बघावं आणि सगळा पैसा तीन जागी घालावा: राजेंद्र नगरातून बाहेर पडताना, महू नाक्यावर आणि जवाहर मार्ग ओलांडताना. या तिन्ही ठिकाणी क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला उचलून घ्यावं, म्हणजे गाडीला चढून उतरावं लागेल आणि वेग आपोआप तुटेल. डावीकडे न थांबता वळायची जी मुभा आहे, ती महू नाक्यावर तरी बंद करावी. सरळ जाणाऱ्या सायकलीला खरी भीती डावीकडे वळणाऱ्या गाडीची असते. ट्रकच्या डाव्या कुशीत सायकल असली की ती ड्रायव्हरला दिसतही नाही.

बारा वर्षांची मुलगी एकटी जाऊन एकटी परत येईल, ही माझी कसोटी.

निवृत्त अभियंता

राजेंद्रनगरकर, तुम्ही स्वतः फिरून पाहिलंत याचा आनंद आहे. पण निष्कर्ष मला मान्य नाही. आयुष्य रस्त्यांच्या कामात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सायकलवाला स्वतःच्या पायांच्या जोरावर चालतो, त्यामुळे तो नेहमी सरळ आणि जवळची वाट धरतो. ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने एक किलोमीटरचा फेरा म्हणजे चार मिनिटं, आणि प्रत्येक वळणावर थांबून पुन्हा वेग घेणं वेगळंच. तुमच्या वाटेवर मी मनातल्या मनात वळणं मोजली. नवखा माणूस पाट्यांशिवाय पोचणार नाही. त्यात गल्लीत पाण्याचा टँकर उभा, लग्नाचा मांडव घातलेला, गणपतीत अख्खी गल्ली बंद. वाट मध्येच तुटली की लोक दुसऱ्या दिवशी सायकल काढत नाहीत.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. वाट एकदा मागून नेली की मोठ्या रस्त्यावरच्या सायकलवाल्याला सगळे म्हणणार, ‘तुमच्यासाठी मागे केलंय ना, इथे कशाला येता?’ त्याचा त्या रस्त्यावरचा हक्कच जाईल. आपल्या वाटेवरच्या मोठ्या अन्नपूर्णा रोडवर शाळा, दवाखाने, दुकानं, मंदिर सगळं आहे. सायकलवाल्यालाही तिथेच जायचं असतं.

पट्टा फसला तो नुसता पट्टा होता म्हणून. ट्रॅक फुटपाथला लागून, रस्त्यापेक्षा वीतभर उंच हवा. उभ्या राहणाऱ्या कार त्याच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे चालत्या गाड्या आणि सायकल यांच्या मध्ये हव्यात. कारचं दार उघडलं तरी सायकलवाल्याला लागू नये म्हणून मध्ये मीटरभर मोकळी जागा. रुंदी निदान दोन मीटर, नाहीतर पुढच्याला ओलांडताना माणूस खाली उतरतो. आणि पावसाच्या पाण्याच्या जाळ्या! त्यांच्या फटी चाकाच्या दिशेने ठेवल्या की बारीक टायर आत जातो आणि माणूस तोंडावर पडतो. त्या आडव्या बसवायला एक पैसा जास्त लागत नाही. असा रस्ता करा, मग बघा.

स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६-०७ च्या सुमारास सुमारे ऐंशी किलोमीटरचं सलग जाळं थोड्या काळात उभं केलं, तेही मोठ्या रस्त्यांवरून. उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशीच्या वर जातो. लोक सायकलवर आले, कारण वाट कुठे तुटत नव्हती.

लोकमान्यनगरची

मी अभियंताकाकांच्या बाजूने, पण कारण वेगळं आहे. मी संध्याकाळी साडेसातला कामावरून परतते. लालबागची भिंत आणि केशरबागेकडचा तो टापू त्या वेळी कसा असतो ते एकट्या बाईला विचारा. दुकानाचा दिवा नाही, माणूस नाही. पुरुष ‘शांत रस्ता’ म्हणतात तेव्हा मला तिथून लवकर बाहेर पडायचं असतं. अन्नपूर्णा रोडवर गाड्यांची भीती वाटते, पण चार डोळे तरी असतात. दादा, तुमची मुलगी शनिवारी दुपारी जाईल ते ठीक. हिवाळ्यात सहालाच अंधारतं, तेव्हा याच वाटेने परत येऊ द्याल तिला?

राजेंद्रनगरकर

ताई, नाही येऊ देणार. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, कारण मी फिरलो ते सकाळी. कबूल.

खजुरी बाजारवाला

राजवाड्याजवळ तीन पिढ्यांचं दुकान आहे, म्हणून आमचीही बाजू ऐका. राजवाड्याला येणारं गिऱ्हाईक राजेंद्र नगरचंच नसतं. देवास, महू, सांवेरहून लोक लग्नाचा बस्ता बांधायला येतात. चार बायका आणि आठ पिशव्या सायकलवर बसत नाहीत. आधीच पार्किंग नाही. दुकानापुढची दोन मीटर जागा सायकलला दिली तर माल उतरवायचा कुठे? महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांची उदाहरणं मला देऊ नका. पुणे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. तिथे ट्रॅक बांधूनही लोक स्कूटरवर गेले ते गेलेच.

जुन्या इंदूरची

खजुरी बाजारवाले काका, तुमच्या दारातून रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक जाते. त्या दिवशी एक गाडी आत येत नाही आणि लाखभर माणसं राजवाड्यावर मावतात. जागा आहे, ती उभ्या वाहनांनी धरून ठेवली आहे एवढंच.

खजुरी बाजारवाला

गेरच्या दिवशी माझं शटर बंद असतं, ताई. बाकीचे दिवस मला धंदा करायचा आहे. मी सायकलीच्या विरोधात नाही. सकाळी अकराच्या आत माल उतरवायची वेळ बांधून द्या आणि गाड्या लावायला जवळपास जागा द्या, मग पुढचं बोलू. ते आधी, ट्रॅक नंतर.

मंडीतला

छत्रीबागेत राहतो. चोइथराम मंडीत एका आडत्याकडे हिशेब लिहितो. अठरा वर्षं सायकलनेच जातोय. आमच्यासारखे हमाल, फेरीवाले, कामवाल्या मावश्या, बांधकामावरचे लोक यांच्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

आम्ही पाचच्या आधी महू नाक्यावरून जातो. तुमच्या साडेनऊच्या गर्दीत आम्ही दिसतच नाही. तेव्हा सिग्नल नुसता पिवळा लुकलुकत असतो आणि मंडीकडे जाणारे ट्रक जोरात असतात. रस्ता रिकामा, म्हणूनच जास्त भीती. मागच्या वर्षी माझ्या शेजाऱ्याला मागून धक्का बसला. तो हातगाडीसाठी भाजी आणायला चालला होता. चार महिने घरी होता. गाडीवाला थांबला नाही.

गल्लीतून जा म्हणाल तर पहाटे कुत्री पाठी लागतात. मोठ्या रस्त्यावर ट्रक. ज्याला चुकवता येईल त्याला आम्ही रोज चुकवतो. मला विचाराल तर आधी वेग कमी करा, मग वाट कुठूनही काढा.

निवृत्त अभियंता

भाऊ, तुम्ही मुळावर बोट ठेवलंत. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी तीस किलोमीटरच्या ऐवजी पन्नासने गाडी आली तर वेग दीडपटीच्या थोडा वर गेला असं वाटतं, पण धक्का जवळजवळ पावणेतीनपट बसतो. म्हणूनच रस्तेसुरक्षेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे माणसं, सायकली आणि गाड्या एकत्र येतात तिथे तीसची मर्यादा सांगितली आहे. मात्र रिकाम्या रस्त्यावर पाटी लावून वेग कमी होत नाही. रस्ताच आवळावा लागतो.

माळव्यातला उन्हाळा

मे महिन्यात दुपारी एक वाजता महू नाक्यावर सायकल घेऊन उभं राहा आणि मग लिहा. आधी झाडं लावा.

जुन्या इंदूरची

झाडांवरून आठवलं. होळकर दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावून शहराचा आराखडा करून घेतला, त्याचा अहवाल १९१८ साली छापला गेला. तेव्हा प्लेग होता. सरसकट पाडापाडी करून रुंद रस्ते काढायला त्यांचा विरोध होता. जुनी वस्ती शक्यतो ठेवून, अगदी अडचणीचं तेवढंच काढून, मध्ये मोकळ्या जागा आणि झाडं, नदीकाठ स्वच्छ करून तिथे बागा, असा त्यांचा विचार. माझ्या आजोबांच्या घरात गेडिस यांची एक गोष्ट सांगत. त्यांनी महाराजांकडून एका दिवसाचं राजेपण मागून घेतलं आणि जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक या वेळी ठरलेल्या रस्त्याने जाणार नाही, जी वस्ती आपले रस्ते सगळ्यांत स्वच्छ ठेवेल तिथून जाईल. लोकांनी घरंदारं झाडून काढली.

मला वाटतं सायकलची वाटही तशीच ठरवावी. जो मोहल्ला दारापुढच्या गाड्या हलवायला आणि रात्री दिवे लावायला तयार असेल, तिथून ती जावी. आमची मोती तबेल्याची गल्ली तयार होईल, मी बोलते सगळ्यांशी. आणि हरसिद्धीपासून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत (होळकरांच्या समाध्यांपर्यंत) नदीचा काठ आहेच.

निवृत्त अभियंता

गोष्ट सुंदर आहे, पण रस्ता मोहल्ल्याच्या मर्जीवर सोडू नका. एका गल्लीने नाही म्हटलं की साखळी तिथे तुटते. सुरक्षितता विनवण्या करून मिळायची गोष्ट नव्हे. नेदरलँड्समध्ये १९७१ साली चारशेहून अधिक मुलं रस्त्यावर मेली, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, म्हणून तिथले रस्ते बदलले. कोणी कोणाची परवानगी विचारत बसलं नाही.

जुन्या इंदूरची

आईबाप उतरले हेच तर मी म्हणतेय, काका. मोहल्ला म्हणजे दुसरं कोण?

राजेंद्रनगरकर

सगळं दोनदा वाचलं. माझं मत थोडं हललं, सगळं नाही.

ताईंचं म्हणणं मी मान्य करतो. लालबागच्या भिंतीकडून रात्रीची वाट नको, त्यामुळे महू नाक्याच्या अलीकडचा तुकडा मोठ्या रस्त्यावरच यायला हवा, आणि तिथे अभियंताकाका सांगतात तसाच उंच ट्रॅक हवा. खजुरी बाजारवाल्यांची माल उतरवायच्या वेळेची अट रास्त आहे. पण नाक्यापलीकडे, जुन्या शहरात, मी अजून गल्ल्यांच्याच बाजूने आहे. तिथे वीतभर उंच ट्रॅकला रुंदीच नाही, आणि रुंदी करायला घरं पाडावी लागली तर मला ती वाट नको. आणि तीन क्रॉसिंगचा आग्रह मी सोडणार नाही. बाकी वीस वर्षं लागली तरी महू नाका आधी करा.

आपण सगळे अंदाजाने बोलतोय. कोणत्या वेळी किती सायकली, कोणत्या बाजूने येतात, किती बायका, किती मुलं, हे मोजून कागदावर आणलं तर मागणी करायला काही हातात असेल. येत्या रविवारी सकाळी सात वाजता नाक्यावर जमू या का?

मंडीतला

साहेब, रविवारी नको. शाळा, ऑफिसं, बरीचशी कामं बंद असतात, निम्म्या सायकली दिसणारच नाहीत. मधल्या वारी या. आणि सातला नको, पाचला या.

राजेंद्रनगरकर

मंगळवारी, पहाटे पाच ते दहा. वह्या आणि मोजायची टेप मी आणतो. मुलगी म्हणते, एक बाजू ती मोजणार.

लोकमान्यनगरची

आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ मी मोजते. एक बाई अजून लागेल.

जुन्या इंदूरची

मी येते.