शब्दचर्चा : किरणोत्सर्ग 'लागतो' का?

आर्वीकर : परवा मृदा आरोग्य पत्रिका वाचून दाखवताना सहज म्हणालो, मातीत नैसर्गिक किरणोत्सर्गही असतो. मोठेबाबांनी हातातलं ढेकूळ खाली टाकलं. "मंग थो लागन का आपल्याले?" शब्द किरणोत्सर्गच ना? की उत्सर्जन, प्रारण?

धातुशोधक : मोठेबाबांना 'संसर्ग' ऐकू आला असणार. दोन्ही शब्द 'सृज्' धातूचेच, पण सम्+सृज् म्हणजे एकत्र येणं आणि उत्+सृज् म्हणजे सोडून देणं. वृषोत्सर्गात गोऱ्हा मोकळा सोडतात, तसा इथे किरण. अणुकेंद्रक आपणहून क्षय पावतं, म्हणजे बदलत जाऊन किरण सोडतं, तो किरणोत्सर्ग. 'प्रारण' बरंच व्यापक, त्यात ऊनही आलं. 'उत्सर्जन' नुसती क्रिया सांगतं, धुराड्यालाही चालतं.

झाडीपट्टी : मातीत असतं ते युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-४०. पत्रिकेत 'पालाश' लिहितात ना, त्या पोटॅशियमचाच सुमारे ०.०१२ टक्के भाग किरणोत्सर्गी. किलोभर मातीत पोटॅशियम-४०चे ४०० बेकरेल, म्हणजे सेकंदाला ४०० क्षय, ही जगभरची साधारण पातळी. घाबरू नका, ७० किलोच्या माणसाच्या अंगातच ते ४ हजारांच्या वर असतात! तुमच्या काळ्या मातीखाली बसाल्ट, त्यात युरेनियम-थोरियम कमी. आमच्या भंडारा-गोंदियाकडे जुने ग्रॅनाइटी खडक, तिथे साधारणपणे जास्त.

ढेकूळ धरल्यानं काही होत नाही. जपायचं ते रेडॉनला. युरेनियम क्षय पावत जातं त्या साखळीतला हा वायू, अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा वेळ) ३.८ दिवस. जमिनीतून वर येतो, उघड्यावर विरून जातो, पण बंद खोलीत साठतो. श्वासातून गेला की त्याच्यापासून बनलेले कण फुप्फुसात बसतात, वर्षानुवर्षं असं झालं तर कर्करोगाचा धोका वाढतो. बिडी ओढणाऱ्याला तर कितीतरी जास्त. कौलाच्या फटींतून वारा खेळणारं जुनं घर या बाबतीत बरं; एसीसाठी गच्च बंद केलेल्या खोलीची खिडकी मधूनमधून उघडावी.

धातुशोधक : म्हणजे 'लागतो' चूक, 'साठतो' बरोबर. क्रियापद बदललं की अर्धी भीती जाते.

आर्वीकर : सगळं वाचून दाखवलं. बिडीपाशी आलो तसं मोठेबाबांनी पत्रिका ओढून घेतली. "हे त्या कार्डावर लिवलं आहे का? नाही ना? मंग झालं."