जुनं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड घेतलं, ड्रायव्हर टाकला की कोड ४३ येतोय

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी, इचलकरंजीतनं लिहितोय. गेल्या रविवारी एका माणसाकडनं आरएक्स ५८० ८ जीबी घेतलं, ४,२०० रुपयांना. त्यानं त्याच्या पीसीला लावून दाखवलं, डेस्कटॉप आला, पंखे फिरले, मी पैसे दिले आणि घेऊन आलो. घरी लावलं तर डिस्प्ले येतोय पण रेझोल्यूशन एकदम कमी, सगळं ढोबळ दिसतंय. मग ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ४३, म्हणजे बिघाड आहे म्हणून विंडोजनं कार्ड थांबवलंय. डीडीयूनं (जुना ड्रायव्हर मुळापासून पुसणारं सॉफ्टवेअर) सेफ मोडमध्ये साफ करून तीन वेळा ड्रायव्हर टाकून बघितला, एक जुना पण टाकला, तरी तेच. विकणारा आता फोन उचलत नाही. ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) शिकायला घेतलंय हो, सुट्टीत काम करून साठवलेले पैसे आहेत. पीएसयू (पीसीला वीज देणारा डबा) ५५० वॅट, प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स आहे. कार्ड गेलं का माझं?

जुनापीसीवाला:
भावा कार्ड गेलेलं वाटत नाही, आधी शांत हो. गेलेलं कार्ड बहुतेक वेळा असं वागत नाही, त्यात रेघा येतात, चौकोन येतात, नाहीतर स्क्रीनच येत नाही. तुझी लक्षणं मायनिंगच्या बायॉसची वाटतायत. मायनिंग म्हणजे कार्ड दिवसरात्र चालवून इथेरियमसारखी क्रिप्टो नाणी कमावणं, आणि बायॉस म्हणजे कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं आणि हजारो ५७०, ५८० बाजारात आले, त्यातले बरेच लोकांनी बायॉस बदललेले तसेच विकले. मायनर लोक मेमरीचं टायमिंग आवळून, कोरचा (मुख्य चिपचा) क्लॉक म्हणजे वेग आणि व्होल्टेज खाली आणून बायॉस परत लिहितात. त्यानं बायॉसवरची कंपनीची डिजिटल सही मोडते, विंडोजचा ड्रायव्हर सही तपासतो आणि कार्ड उचलायला नकार देतो, तोच हा कोड ४३. ड्रायव्हरशिवाय साधा डेस्कटॉप दिसतोच, म्हणून त्यानं दाखवलं तेव्हा तुला काही कळलं नसणार.

खात्री करायची असेल तर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) पेनड्राइव्हवरनं लाइव्ह चालव, इन्स्टॉल करू नको. लिनक्सचा ड्रायव्हर ती सही बघत नाही, तिथं कार्ड पूर्ण रेझोल्यूशनला नीट चाललं तर रोग बायॉसमध्येच आहे. दुसरं, जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघड आणि शेडर, म्हणजे चिपमधली गणितं करणारी एककं, किती दाखवतंय ते सांग. २३०४ पाहिजेत. २०४८ असतील तर ते ५७० चंच चिप आहे, ५८० २०४८एसपी नावानं विकलं जाणारं. आणि मेमरी कुणाची आहे तेही सांग, सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन जे असेल ते.

रात्रपाळी:
माझ्या मित्राचं असंच कार्ड ओव्हनमध्ये १० मिनिटं ठेवल्यावर चालू झालं होतं, शेवटचा उपाय म्हणून करून बघ.

सोल्डरवाली:
रात्रपाळी दादा, कृपा करून हे कुणाला सांगू नका. मी पुण्यात बोर्ड रिपेअर करते, असे भाजलेले कार्ड माझ्या टेबलावर येतात आणि त्यांचं पुढे फार काही करता येत नाही. ओव्हननं काय होतं ते सांगते. जीपीयूच्या, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपखाली सोल्डरचे बारीक बारीक बम्प असतात, ते तडकले की संपर्क जातो. उष्णतेनं सगळं फुगतं, तडक तात्पुरती चिकटते, कार्ड काही दिवस चालतं आणि परत मरतं. शिशाशिवायचं सोल्डर २१७ डिग्रीच्या आसपास वितळतं, त्याच्या खाली तुम्ही सोल्डर वितळवत नाही आणि त्याच्या वर गेलात तर कपॅसिटर फुगतात, कनेक्टरचं प्लास्टिक वाकतं. शिवाय त्या ओव्हनमध्ये नंतर घरातली माणसं जेवण गरम करणार, फ्लक्सचा (सोल्डरिंगच्या रसायनाचा) धूर आतच बसलेला असतो. आणि या मुलाच्या कार्डला तर हार्डवेअरचा रोगच दिसत नाहीये.

वारणाकाठ, कार्डाच्या वरच्या कडेला, म्हणजे पॉवर कनेक्टर असतो त्या बाजूला, एक इवलासा सरकता स्विच आहे का बघ. बऱ्याच ५८० ना दोन बायॉस असतात. मायनर बहुतेक वेळा एकाच बायॉसमध्ये लिहितो आणि दुसरा कंपनीचा तसाच राहतो. पीसी पूर्ण बंद, पीएसयूचं बटण पण बंद, मग नखानं स्विच दुसऱ्या बाजूला सरकव. आणि पॉवर कशी दिलीयस? साटाला (हार्ड डिस्कच्या पॉवर वायरला) अडॅप्टर लावून ८ पिन करत असशील तर आत्ताच काढ, साटाचा बारा व्होल्ट ५४ वॅटपुरताच असतो आणि कार्ड १८५ वॅट खातं, ते कनेक्टर वितळलेले मी पाहिलेत.

वारणाकाठ:
ताई, स्विच सापडला!! पाठीच्या पत्र्याखाली दडला होता, टॉर्च लावून दिसला. पॉवर पीएसयूच्या स्वतःच्या ८ पिनवरनं आहे. शेडर २३०४, मेमरी हायनिक्स. उबुंटूवर दादा म्हणाले तसं एकदम स्वच्छ चाललं, मग स्विच सरकवला, विंडोज चालू, ड्रायव्हर टाकला आणि त्रिकोण गेला. हात थरथरत होते खरं सांगतो. पण अजून एक आहे. गेम लावला की १५ मिनिटांनी बारीक ठिपके चमकतात, एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) जीपीयू मेमरी एरर्स म्हणून एक ओळ आहे तिथं आकडा वाढत जातोय, काल १,१०० च्या वर गेला. तापमान ८६ डिग्री.

जुनापीसीवाला:
मस्त. आधी जीपीयू-झेडमधनं चालू बायॉसची कॉपी काढून पेनड्राइव्हवर ठेव, उद्या काही झालं तर तीच कामाला येणार. मग मेमरीचा क्लॉक २००० मेगाहर्ट्झवरनं १९०० करून बघ, एरर थांबले तर मेमरी उष्णतेनं किंवा वयानं दमलीय. त्या बिघडलेल्या बायॉसला आता हात लावू नको, चांगल्या बाजूवर चालतंय तोवर चालू दे.

सोल्डरवाली:
८६ जास्त आहे. कूलर काढून पेस्ट आणि पॅड (चिपची उष्णता कूलरकडे नेतात ते) बदल. दिवसरात्र चाललेल्या कार्डात पेस्ट खडूसारखी सुकते आणि मेमरीवरचे पॅड तेल सोडून चिवट होतात. मेमरीचे आठ चिप जीपीयूच्या भोवती बसतात, त्या सगळ्यांवर पॅड नीट बसला पाहिजे. जुन्या पॅडची जाडी मोजूनच नवीन आण, अंदाजानं नको. स्क्रू कोपरा सोडून समोरचा कोपरा असे थोडे थोडे आवळ. पंख्याची वायर आधी सोडव नाहीतर कूलर ओढताना कनेक्टर उखडतो. पॅड पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतील, नाहीतर ऑनलाइन मागव.

वारणाकाठ:
ताई पॅड बदलले, पण कोर लगेच ९४ ला जातोय, आधीपेक्षा वाईट! १.५ मिमी आणले होते, दुकानात तेवढेच होते.

सोल्डरवाली:
बंद कर लगेच. परत उघड आणि जीपीयूच्या काचेसारख्या चिपवर पेस्टचा ठसा बघ.

वारणाकाठ:
ठसा फक्त एका कडेला आहे, बाकी पेस्ट जशी लावली तशीच ढिगासारखी उभी आहे.

सोल्डरवाली:
म्हणजे पॅड जाड आहेत, हीटसिंक पॅडवरच टेकतोय आणि चिपला लागतच नाहीये. जुना पॅड कुठं टाकला असशील तर एक दाबला न गेलेला कोपरा घेऊन मोज.

वारणाकाठ:
कचऱ्यातनं काढून व्हर्नियरनं मोजला, १ मिमी. चार दिवस थांबून १ चे मागवले, काल बसवले. आता गेम लावून ७१, मेमरी २००० ला ठेवूनच ४० मिनिटं चालवलं, एरर ०. घरच्यांना दाखवलं, आई म्हणाली एवढं करून शेवटी चाललं ना मग जेव आता.

जुनापीसीवाला:
झकास! मनापासून आनंद झाला. एक गोष्ट आधी सांगायला हवी होती, ब्लेंडर शिकायला घेतलंयस म्हणून. ब्लेंडर ३.० पासून ओपनसीएल (असल्या जुन्या एएमडी कार्डावर रेंडर करायची सोय) काढून टाकलंय, नवीन ब्लेंडरच्या सायकल्समध्ये, म्हणजे हुबेहूब चित्र काढणाऱ्या रेंडर इंजिनमध्ये, हे कार्ड जीपीयू म्हणून येणार नाही, सीपीयूवरच रेंडर होईल. ईव्ही (ब्लेंडरचं दुसरं, जलद इंजिन) मात्र चालेल आणि व्ह्यूपोर्ट (काम करायची खिडकी) पण झक्क फिरेल. सायकल्स याच कार्डावर हवं असेल तर २.९३ ठेव, त्यात ओपनसीएल आहे. मॉडेलिंग, लायटिंग शिकायला तेवढं पुरतं, एक वर्ष तरी नवीन कार्डाचा विचार करू नको.

वारणाकाठ:
दादा हे माहितच नव्हतं, दोन्ही टाकतो. ईव्हीवरच सुरू करतो. एक शेवटचं, डावा पंखा चालू होताना खरखरतो, नंतर शांत होतो. तेल घालू का?

सोल्डरवाली:
मधला स्टिकर हळूच उचलून मशीन ऑइलचा एक थेंब, खोबरेल अजिबात नको, ते थंडीत घट्ट होतं. त्यानं महिना दोन महिने निघतील, तोवर त्याच मापाचा पंखा बघून ठेव. मागच्या लेबलवरचा नंबर इथं टाक, मी शोधून देते.

वारणाकाठ:
उद्या सकाळी काढून टाकतो ताई.