उचकी आणि करमल
अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या एका ५६ वर्षांच्या गृहस्थांची केस आहे: रोज सोळा ग्लास आइस्ड टी आणि मग किडनीत ऑक्झलेटचे (चहात असणाऱ्या एका क्षाराचे) स्फटिक. त्याला जोड म्हणून करमल या फळाची, म्हणजे स्टारफ्रूटची गोष्ट.

कोकण-गोव्यात परसात असतं ते. आडवं कापलं की पाच टोकांची चांदणी दिसते. काही जण कमरख म्हणतात. मीठ-तिखट लावून आम्ही भरपूर खाल्लंय, काही झालं नाही. पण डायलिसिसवरच्या माणसाने एखादंच खाल्लं तरी काही तासांत न थांबणारी उचकी लागू शकते. घरचे म्हणणार, कुणीतरी आठवण काढतंय! पुढे उलट्या, बरळणं, फिट्स. माणसं दगावलीही आहेत.

करमलातही ऑक्झलेट असतं, पण दोष नुसता त्याचा नाही. ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली या फळातलं कॅरॅम्बॉक्सिन हे मेंदूला चेतवणारं विष वेगळं काढून दाखवलं. धडधाकट किडनी ते बाहेर टाकते, निकामी किडनी असेल तर ते अंगात साचतं. अशा वेळी लगेच हिमोडायलिसिस (यंत्रातून रक्त गाळणं) लागतं, पोटावाटेच्या डायलिसिसने तितकं भागत नाही.

आणि हो, किडन्या ठणठणीत असल्या तरी उपाशीपोटी त्याचा ग्लासच्या ग्लास रस पिऊ नका. तिथे पुन्हा तो चहावाला ऑक्झलेटच नडतो.