हंस इंग्रजी 'व्ही'सारखेच का उडतात? सातवीतल्या पोराला काय सांगू? (मदत हवी आहे)

भटक्या_बाप:

नमस्कार मंडळी. पक्ष्यांमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या रविवारी लेकाला घेऊन भिगवणला गेलो होतो. पहाटे कुंभारगावात होडीत बसलो, उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघितले, थंडीने काकडलो. परत फिरताना डोक्यावरून कलकलाट आला आणि नावाडी काकांनी होडी थांबवली. "राजहंस आले," म्हणाले. अगदी इंग्रजी व्ही, पण तिरपागडा. लेकाने मोजले: एका बाजूला अकरा, दुसरीकडे चारच.

तिथून जी प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली ती घरी पोचेपर्यंत. असेच का उडतात? एक बाजू लांब का? पुढचा दमत नाही का? आणि ज्वारीवर येणाऱ्या भोरड्यांचा थवा एवढा मोठा असतो, मग त्या का नाही असं उडत?

मी ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये पाहिलेली स्लाइड ठोकून दिली. व्ही आकारात उडाल्याने थवा 71 टक्के जास्त लांब जातो, मागचे हंस ओरडून पुढच्याला प्रोत्साहन देतात, म्हणून टीमवर्क वगैरे. लेक म्हणाला, "71 कुणी मोजले? कसे?" माझी दातखीळ बसली.

गुरुवारी त्याला वर्गात यावर पाच मिनिटं बोलायचंय. कुणी सोपं करून सांगेल का? नुसती लिंक नको, प्लीज.

चहाबाज:

एक बाजू लांब असते कारण त्या बाजूला हंस जास्त असतात. (सॉरी, राहवलं नाही.)

पाणथळ:

तुम्ही पाहिले ते बहुतेक पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. मंगोलिया, तिबेटकडे वीण करतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. पाठीवर यंत्र लावलेल्या एका पट्टकादंबाची 7,290 मीटर उंचीची नोंद आहे. एवढ्या विरळ हवेत उडायचं तर शक्ती जपूनच वापरावी लागणार.

आता मुद्द्यावर येतो. पाण्यात वल्हं मारल्यावर त्याच्या कडेला छोटा भोवरा पडतो, तो लेकाने होडीत बघितला असेल. पंखाच्या टोकाशी हवेत तसंच होतं. पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी, म्हणून खालची हवा टोकावरून वळसा घालून वर येते आणि मागे भोवरा सोडत जाते. त्यामुळे उडणाऱ्या पक्ष्याच्या अगदी मागे हवा खाली ढकलली जाते, पण पंखाच्या टोकाच्या बाहेरच्या अंगाला ती वर चढते. मागच्या हंसाने आपल्या पंखाचं टोक त्या चढत्या हवेत ठेवलं की त्याला थोडं फुकट उचललं जातं. नेमका मागे राहिला तर उलट खाली दाबला जाईल. म्हणून तो तिरका, एका बाजूला सरकून उडतो. त्याच्यामागे तिसरा तसाच. झाली रांग.

फायद्यासाठी एकाच बाजूचा भोवरा पुरतो, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या असायची गरज नाही. आडवा वारा असला की आकार आणखी बिघडतो. अकरा-चार म्हणजे अगदी नेहमीचं दृश्य. चित्रातल्यासारखा व्ही मीच क्वचित पाहिलाय.

71 चं म्हणाल तर तो आकडा खोटा नाही, पण मोजलेला नाही. 1970 मध्ये लिसामन आणि शोलेनबर्गर या दोघांनी गणित मांडलं होतं: 25 पक्षी, सगळं आदर्श, तर पल्ला सुमारे 71 टक्के वाढू शकेल. स्लाइडवाल्यांनी 'गणित' आणि 'शकेल' दोन्ही गाळलं. खऱ्या पक्ष्यांवर मोजमाप झालं ते सेनेगलमध्ये, माणसाळवलेल्या पेलिकनांवर. ते 2001 मध्ये प्रसिद्ध झालं. एकट्याने उडण्यापेक्षा रांगेत उडताना त्यांच्या हृदयाचे ठोके 11 ते 14 टक्क्यांनी कमी भरले. लेकाला हा आकडा द्या.

निवांत_आजी:

आमचे वडील सांगायचे की पुढे नेहमी थव्यातला सगळ्यात म्हातारा, जाणता पक्षी असतो. लहानपणी अंगणात उभ्या राहून आम्ही बगळ्यांची रांग दिसली की नखं घासून त्यांच्याकडे फुलं मागायचो, तेव्हाचं हे. खरं आहे का रे हे?

पाणथळ:

आजी, नखांवरची फुलं मीही मागितली आहेत!

म्हाताऱ्याचं मात्र नेहमीच खरं नाही. हंस आणि क्रौंच यांची पिल्लं आईबापांबरोबर प्रवास करून वाट शिकतात, तेवढ्यापुरतं वडिलांचं बरोबर. पण एक गंमत सांगतो. युरोपात टकल्या आयबिसची पिल्लं माणसांनी हाताने वाढवली आणि छोट्या विमानाच्या मागे उडवत ऑस्ट्रियातून इटलीत नेली. अशा 14 पक्ष्यांच्या पाठीवर यंत्रं होती. सगळी पोरंच, म्हातारा कुणीच नाही. तरी ती व्ही करून उडाली! इतकंच नाही, पुढच्याच्या पंखाचं टोक हवेतून जसं वरखाली गेलं, त्याच वाटेने मागच्याचं टोक जात होतं. म्हणजे पंख मारायची वेळही साधलेली. हे 2014 मध्ये छापून आलं.

त्याच नोंदींवरून पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट कळली. दोन-दोन पक्षी आपसांत जागा बदलतात, आणि जो जितका वेळ दुसऱ्याच्या मागे फायदा घेतो, साधारण तितकाच वेळ पुढे राहून फेडतो. पुढचा दमत नाही का, याचं उत्तर इथे आहे. मागून ओरडून प्रोत्साहन देण्याचं मात्र विसरा. ते आवाज एकमेकांना 'मी इथे आहे' सांगायला असतात.

स्क्रू_ड्रायव्हर:

विमानातही हे करून पाहिलंय. नोव्हेंबर 2021 मध्ये एअरबसची दोन ए-350 विमानं टूलूझहून माँट्रियलला एकामागे एक, तीन किलोमीटर अंतर ठेवून उडाली. मागच्याने पुढच्याच्या भोवऱ्याची चढती हवा वापरली. वर्गातल्या पोरांना विमान आवडेल.

भोरड्यांचं राहिलंच की.

पाणथळ:

हो, खरंच. भोरडी लहान, पंख भराभर मारणारी. तिचा भोवराही छोटा, आणि शेकडोंच्या गर्दीत तो धरून ठेवणं अवघड. कबुतरांवर 2011 मध्ये मोजलं, तर दाटीत उडताना त्यांना पंख जास्त वेगाने मारावे लागत होते. म्हणजे गर्दीत शक्ती वाचत नाही, उलट खर्च होते. तरी ती गर्दी करतात, कारण ससाणा आला की एकट्याची धडगत नसते.

वर्गात दाखवायला: परातीत पाणी घ्या, वर चिमूटभर हळद भुरभुरा, चमचा अर्धा बुडवून थोडं सरळ ओढा आणि पटकन उचला.

भटक्या_बाप:

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमच्या वडिलांचं लेकाला फार आवडलं.

परातीचा प्रयोग रात्रीच केला. चमच्याच्या दोन्ही कडांना दोन भोवरे, एक इकडे फिरणारा, एक तिकडे. बायको म्हणाली, हळद कणकेच्याच परातीत घालायची होती का.

मग फोनमधला व्हिडिओ हळू करून पाहिला. चाळीस सेकंदांत पुढचा काही बदलला नाही. पण लांब बाजूचा शेवटून तिसरा हंस मध्येच पुढच्याच्या थेट मागे गेला, जोरजोरात पंख मारले आणि पुन्हा बाहेर सरकला. गुरुवारी तेवढाच तुकडा दाखवणार म्हणतोय.